नकाशावरची पारदर्शक शीट

खेळाच्या टेबलावर पारदर्शक शीट टाकायची म्हटलं की जो तो पहिल्यांदा विचारतो, "किती एमएमची घेऊ?" माझ्या लेखी तो प्रश्न तिसरा. आधी टेबलाचा तळ सपाट आहे का ते बघावं, मग खोलीतला दिवा कुठे आहे ते बघावं आणि मगच दुकानाची पायरी चढावी. कितीही उंची शीट आणली तरी खालचं प्लायवूड पोटात फुगलेलं असेल तर ती डुगडुगणारच. आणि ट्यूब बरोबर डोक्यावर असेल तर बसल्या जागेवरून नकाशाऐवजी ट्यूबच दिसत राहणार.

आमचा खेळ, नकाशावर सोंगट्यांच्या फौजा हलवायचा, आम्हीच तयार केलेला आहे. सोळावं शतक, वर निजामशाही, खाली आदिलशाही आणि मधे सोलापूर. आपल्या भुईकोट किल्ल्यावरून या दोन शाह्यांची ओढाताण बरीच वर्षं चालली. चांदबीबीच्या लग्नात तो आंदण म्हणून विजापूरकडे गेला, तरी प्रकरण मिटलं नाही. एवढा ऐवज घरच्या अंगणात असताना परदेशातल्या लढायांचे खोके कशाला मागवायचे, असं शेजारचे निवृत्त इतिहासाचे सर म्हणाले आणि तिथून हे सुरू झालं. नकाशा माझ्या मामेभावानं पावसाळाभर खपून काढला. डोक्याला अहमदनगर, पायथ्याला विजापूर, मधे परांडा, पंढरपूर, सोलापूर, नळदुर्ग. भीमा, सीना, बोरी या नद्या. सगळ्यावर षटकोनांची जाळी, एक षटकोन २ सेंटिमीटरचा, म्हणजे जमिनीवरचे ५ किलोमीटर. इंजिनिअरिंगची ड्रॉइंग काढून देतात तिथे प्लॉटरवर, म्हणजे मोठे कागद छापणाऱ्या यंत्रावर, ए-झिरो मापात, साध्या बाँड कागदावर प्रिंट काढली. ए-झिरो म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर. ४ बाय ३ फुटांच्या टेबलात तो चारी बाजूंनी थोडी जागा राखून नेमका बसतो, म्हणून टेबलाचं माप ठरवायला डोकं खाजवावं लागलं नाही.

खेळतो आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर या भागात, आमच्या घराच्या वरच्या खोलीत. स्लॅबच्या खाली. पंखा बंद ठेवून तिथे कुणी बसू शकत नाही आणि पंखा लावला की गुंडाळून ठेवलेल्या नकाशाचे कोपरे उठतात, नळदुर्गाची फौज बोरी नदीत जाऊन पडते. त्यात चहाचे कप. त्यात माझी भाची, जिला प्रत्येक चाल पेनानं नकाशावर लिहून ठेवायची असते. नकाशा सपाट राहावा, ओला होऊ नये आणि वर लिहून पुसता यावं, एवढ्या तीन कामांसाठी आम्हाला शीट हवी होती.

टेबल मिस्त्रींनी घरीच बनवलं. १९ एमएमचं प्लायवूड आणि कडेनं सागवानी पट्टी, पृष्ठभागापासून दोन सूत वर. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ एमएम. मी आधी हिशोब मांडून ठेवला होता: खाली २ एमएमचं फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, त्यावर नकाशा, त्यावर ३ एमएमची शीट, म्हणजे पाचाच्या थोडं वर. दोन सूत म्हणजे साधारण सव्वासहा एमएम. शीट पट्टीच्या किंचित खाली राहते, बाहीला अडकत नाही आणि सोंगट्या कडेवरून घरंगळत नाहीत. मिस्त्री म्हणाले, "ताई, पट्टी लेव्हलला घेऊ की ओ, दिसायला बरं येतंय." दिसायला बरं आलं असतं हे खरंच, पण मी दोन सुतांवर अडून राहिले.

अशा चौकटीत शीट बसवायची तर काटकोन पक्का हवा. गुण्या लावून कोपरा तपासता येतो, पण मोठ्या चौकटीत कर्ण मोजणं जास्त भरवशाचं. ४ बाय ३ ला कर्ण बरोबर ५ फूट यायला पाहिजे, दोन्ही बाजूंनी. आमच्यात आधी दीड सुताचा फरक होता. मिस्त्रींनी फेव्हिकॉल सुकायच्या आत पट्टी ठोकून सरळ केली. तळाचा सपाटपणा बघायला लांब ॲल्युमिनियमची पट्टी उभी धरली आणि पलीकडून मोबाइलचा टॉर्च लावला. जिथून उजेड झिरपतो तिथे खळगा. एका कोपऱ्याजवळ उंचवटा निघाला, तो पॉलिश पेपरनं घासून काढला. या कामात घातलेला वेळ पुढे दहापट वसूल होतो, कारण शीट त्या तळाचंच अंग घेते.

आता शीट कशाची, ते.

काच आम्ही पहिल्याच दिवशी बाद केली. एवढ्या मापाची ५ एमएमची टफन्ड काच जवळपास १४ किलो भरते. दर वेळी नकाशा बदलायला ती उचलणार कोण? ॲक्रिलिक म्हणजे काचेसारखं दिसणारं कडक प्लास्टिक, त्याची त्याच मापाची ३ एमएमची शीट ४ किलोची. ती भाची आणि मी दोघी सहज काढतो, घालतो.

डायनिंग टेबलावर टाकतात ते मऊ पारदर्शक प्लास्टिक, मीटरवर मिळणारं, ते पीव्हीसी असतं. स्वस्त, कापायला कात्री पुरते, फासे टाकले तर आवाज नाही. त्याचा मोह सगळ्यांना होतो म्हणून त्याची परीक्षा मी मुद्दाम घेतली. नवी पेठेतून वीतभर तुकडा आणला, त्याच्याखाली ऑफिसातला झेरॉक्सचा एक कागद ठेवला, वर एक जाडजूड हिशोबाची वही दाबली आणि उन्हाळ्यात ते वरच्या खोलीत तसंच राहू दिलं. काढायला गेले तर कागद चिकटलेला. सोलला तेव्हा अक्षरं अर्धी कागदावर, अर्धी प्लास्टिकवर, उलटी उमटलेली. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि झेरॉक्सची, लेसर प्रिंटची शाई त्याला धरते. रंगवलेल्या सोंगट्यांच्या बुडांचंही तेच होतं. ज्या नकाशावर पावसाळाभर मेहनत झाली आहे त्याच्यावर हे घालायला माझं मन धजावणार नाही, आणि तुम्हीही घालू नये असं मी कळकळीनं सांगेन.

पॉलीकार्बोनेट हे दुसरं कडक पारदर्शक प्लास्टिक हातोड्यानंही फुटत नाही, पण त्याच्यावर ओरखडे फार लवकर उठतात. टेबलावर हातोडा कुणी मारत नाही, बांगड्या आणि किल्ल्या मात्र रोज घासतात. राहिली ॲक्रिलिक. उजेड ९२ टक्के आरपार सोडते, पिवळी पडत नाही आणि बारीक ओरखडा पॉलिशनं निघतो.

ॲक्रिलिकमध्येही दोन जाती. कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेली, आणि एक्स्ट्रूडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली. दोन्ही सारख्याच चकचकीत, नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. कास्ट थोडी महाग असते, पण तिला कापताना कडा वितळून चिकटत नाही आणि पुसायच्या द्रवांनी तडे जाण्याचं प्रमाण कमी. दुकानात नुसतं "ॲक्रिलिक द्या" म्हणू नका, "कास्ट आहे का" असं विचारा आणि वरच्या संरक्षक कागदावर काय छापलंय ते वाचा.

जाडीचा निर्णय मी दुकानात बसून घेतला. बोर्ड, नेमप्लेट बनवणारे एक मालक आहेत. त्यांच्याकडे कापून उरलेले तुकडे पोत्यात भरून ठेवलेले असतात. नकाशाची एक छोटी प्रिंट मी सोबत नेली होती, हत्तरसंग कुडलचा भाग, जिथे सीना भीमेला मिळते. तिच्यावर २, ३ आणि ५ एमएमचे तुकडे आळीपाळीनं ठेवले, वर एक सोंगटी ठेवली आणि खुर्चीत बसल्यावर डोळा जिथे येतो तिथून पाहिलं. ५ एमएमवर सोंगटी नदीच्या अलीकडे ठेवली होती, दिसत होती पात्रात. मालक म्हणत होते, "अक्का, पाचची घ्या की ओ, दणकट येतंय." मी त्यांना माझ्या जागी बसवून दाखवलं, तेव्हा तेही वाकून, मान तिरकी करून बघत राहिले.

याचं कारण साधं आहे. सोंगटी शीटच्या वर असते, रेघ शीटच्या खाली, आणि आपण बघतो तिरके. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला नजर उभ्या रेषेपासून ६० अंशांवर जाते असं धरलं तर ५ एमएमच्या ॲक्रिलिकमधून सोंगटी आणि रेघ यांच्यात जवळपास साडेतीन एमएमचा फरक दिसतो, ३ एमएमच्या शीटमधून दोनाच्या आसपास. २ सेंटिमीटरच्या षटकोनात साडेतीन एमएम म्हणजे भांडणाला पुरेसं. फौज नदीच्या कुठल्या काठाला आहे यावर आमच्याकडे अख्खी लढाई ठरते. उलट २ एमएमची शीट एवढ्या लांबीला लवचीक होते, कोपरे नीट बसत नाहीत. ३ एमएम स्वतःच्या वजनानं निपचित पडून राहते. सपाट तळ असलेल्या टेबलाला यापेक्षा जाड शीट लागत नाही. तळ नसलेल्या, नुसत्या चौकटीवर टाकायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ३ एमएम मधे झोळ धरेल.

बाजारात पूर्ण शीट ८ बाय ४ फुटांची येते. तिच्यात ३, ३ आणि २ फुटांचे तीन भाग पडतात. ओळखीत आणखी कुणाला टेबल करायचं असेल तर मिळून घ्यावी. आमच्याबरोबर मामेभावानं स्वतःच्या घरासाठी एक भाग घेतला आणि २ फुटांचा तुकडा भाचीच्या अभ्यासाच्या टेबलावर गेला.

माप देताना सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. ॲक्रिलिक उष्णतेनं लाकडापेक्षा, काचेपेक्षा कितीतरी जास्त पसरतं. दर मीटरला दर अंशामागे साधारण ०.०७ एमएम. ऐकायला काहीच वाटत नाही. पण डिसेंबरच्या पहाटे खोलीत १५ अंश आणि मे महिन्यात दुपारी स्लॅबखाली ४५ असं धरलं, तर ३० अंशांच्या फरकात ४ फुटांची शीट अडीच एमएमच्या वर वाढते. चौकटीत घट्ट बसवली असेल तर तिला वाढायला जागा मिळत नाही आणि ती मधून फुगते. म्हणून लांबीत ४ एमएम आणि रुंदीत ३ एमएम कमी, असं माप मी कागदावर लिहून दिलं. आमची शीट थंडीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास कापली, तेव्हा एवढी फट लागणारच होती. मेमध्ये कापून घेणाऱ्याला कमी पुरेल, कारण तेव्हा ती आधीच वाढलेली असते. याच कारणासाठी शीटला स्क्रू मारू नये, कडांना सिलिकॉन भरू नये, फेव्हिक्विक तर मुळीच नको. ती मोकळीच ठेवायची, वजन तिला जागेवर धरतं.

कापायला लेसर किंवा राउटर, म्हणजे फिरत्या पात्यानं कापणारं यंत्र, दोन्ही चालतात. लेसरची कड काचेसारखी चमकदार निघते, पण कडेला ताण राहतो आणि तिथे स्पिरिट लागलं तर केसासारखे तडे उठतात. मी राउटरनं कापून घेतली आणि कडा पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरनं २२०, ४००, ६०० अशा क्रमानं घासून घेतल्या. कोपरे १० एमएमच्या गोलाईचे. आणि एक गोष्ट आवर्जून करून घेतली: एका आखूड बाजूच्या मधोमध बोटं घालायला अर्धचंद्राकार खाच. चौकटीत बसलेली शीट बाहेर काढायला दुसरा मार्गच नसतो, लोक मग सुरीनं उचकटतात आणि पट्टी खराब करतात. खाचेच्या आतल्या वळणाला टोकदार कोन नको, तडा तिथूनच सुरू होतो.

घरी आणल्यावर संरक्षक कागद लगेच सोलू नका. मी एका टॉवेल कारखान्यात हिशोब बघते, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. या गावात हवेत सूत किती तरंगतं ते आमच्यासारख्यांना ठाऊक असतं. आणि कागद सोलला की ॲक्रिलिकमध्ये स्थिर वीज भरते, धूळ, तंतू, केस सगळं ओढून घेते. आम्ही पंखा बंद केला, फरशी ओल्या फडक्यानं पुसली, फेल्ट ब्रशनं झाडलं, नकाशा अंथरला आणि मगच खालच्या बाजूचा कागद काढला. शीट दोघींनी उभी धरली, किंचित ओलसर मायक्रोफायबरनं ती बाजू पुसली, सुकू दिली, एक आखूड कड चौकटीत टेकवली आणि दुसरी सावकाश खाली आणली. हवा समोरून निघून जाते. वरचा कागद सगळ्यात शेवटी.

नकाशाला लॅमिनेशन करू नका, हेही इथेच सांगते. चकचकीत लॅमिनेशन आणि चकचकीत शीट जिथे जिथे टेकतात तिथे पाणी सांडल्यासारखे डाग दिसतात. साध्या बाँड कागदावर असं होत नाही.

दिव्याचं म्हणाल तर ट्यूब टेबलाच्या वरून काढून भिंतीकडे सरकवली आणि तिचं तोंड छताकडे केलं. छतावरून परतणारा उजेड मऊ पडतो, शीटवर पांढरा पट्टा उमटत नाही. नॉन-ग्लेअर म्हणून एक मॅट ॲक्रिलिक मिळतं, तेही पाहिलं होतं. कागदाला चिकटून असेल तोवर छान दिसतं, पण जिथे कागद जरासा खाली दबला असेल तिथे गावांची नावं धूसर होतात. दिवा हलवता येत असेल तर साधी शीटच घ्यावी.

लिहायला व्हाइटबोर्ड मार्कर चालतो, पण रेघ बरेच दिवस राहिली तर पुसल्यावर सावली उरते. पाण्यानं पुसायचे मार्कर त्यापेक्षा बरे, आणि सगळ्यात छान काचेवर लिहायची मेणाची पेन्सिल, कोरड्या फडक्यानं निघते. आमच्या खेळात पावसाळ्याच्या फेऱ्या आल्या की भाची निळ्या पेन्सिलीनं भीमेच्या दोन्ही काठांचे षटकोन भरत जाते. पंढरपूरपासून खाली, सीनेच्या संगमापर्यंत. भरलेल्या षटकोनातून फौज पलीकडे जाऊ शकत नाही. दसऱ्याची फेरी आली की ती पूर पुसते आणि सीमोल्लंघनाला फौजा बाहेर पडतात. हा खेळातला सगळ्यांत लाडका नियम आहे आणि शीट नसती तर तो सुचलाच नसता.

पुसायला पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड. काच पुसायचे अमोनियाचे फवारे, स्पिरिट, सॅनिटायझर, थिनर यांतलं काहीही नको. कोरड्या वर्तमानपत्रानं घासणंही नको. बारीक ओरखडे तिथूनच येतात.

कडक शीटवर फासे टाकले की खालच्या मजल्यावर ऐकू जातं. त्यासाठी लाकडी ट्रे केला आणि आत वेलोर टॉवेलचं कातरण लावलं. साध्या टेरी टॉवेलच्या धाग्यांच्या फेऱ्यांत फासा तिरपा अडकतो. वेलोरचे फेरे वरून छाटलेले असतात, त्यावर तो मखमलीसारखा लोळून स्वच्छ बसतो. सोलापुरात हे कातरण मिळवणं अवघड नाही. सोंगट्या २ एमएमच्या पुठ्ठ्याच्या कापल्या, कारण पातळ पुठ्ठा गुळगुळीत शीटवरून नखानं उचलता येत नाही. पत्त्यांचंही तसंच. त्यांच्यासाठी माउसपॅडसारख्या रबराचा एक आयत कडेला ठेवतो.

शीट काढून ठेवायची वेळ आली तर भिंतीला टेकवून ठेवू नका, ती कमान धरते. पलंगाखाली आडवी, दोन जुन्या चादरींच्या मधे. टेबलावरच असेल तर अधूनमधून उलटी करावी, दमट हवेत एकाच बाजूनं ओल शोषली गेली तरी किंचित वाकते. उलटी केली की खाच दुसऱ्या बाजूला जाऊ नये म्हणून ती बरोबर मध्यावर पाडून घ्या.

ज्यांचं टेबल ६ बाय ३ किंवा त्याहून मोठं आहे त्यांनी एकच लांब शीट घेण्यापेक्षा दोन घ्याव्यात. जिन्यातून वर नेता येतात, आणि एकीवर ओरखडा आला तर तेवढीच बदलता येते. मधला जोड चिकटवू नका, २ एमएमची फट सोडा आणि नकाशावर तो अशा ठिकाणी येऊ द्या जिथे लढाई होत नाही. आमच्या नकाशात तसं ठिकाण शोधायला बसलो तेव्हा सर म्हणाले, या मुलखात असं ठिकाण नाही, तुम्ही ४ बाय ३ वरच थांबा.